बिनसावलीची दुपार

मे महिन्यात शिक्षकांचं शिबिर ठेवायची अक्कल ज्या कुणाला सुचली, त्याच्या घरी लग्नाजोगी मुलगी नसावी, असं बद्रीनाथ गुरुजींचं स्पष्ट मत होतं. आणि हे मत ते काही मनात ठेवत नव्हते. नळावर, जेवायच्या पंगतीत, सतरंजीवर लवंडल्यावर, जिथं चार मास्तर जमतील तिथं ते ऐकवत होते.

गुरुजी बिडकीनच्या शाळेतले. पोलीस ॲक्शननंतर निजाम गेला, मराठी शाळा धडाधड उघडल्या, तेव्हा गावात ज्याला म्हणून सातवीपर्यंतचं लिहिता-वाचता येत होतं, त्याला सरकारनं हाताला धरून मास्तर केलं. गुरुजींची स्वतःची सातवी उर्दूत झालेली. पण घरची भाषा मराठी, आवाज खणखणीत, आणि शेतकऱ्याच्या घरचे असल्यानं उन्हातान्हाची सवय. बारा वर्षं त्यांनी तीच ती पुस्तकं शिकवली. आता तर पुस्तक न उघडता धडा म्हणायचे, आणि याचा त्यांना अभिमानही होता.

शिबिर होतं औरंगपुऱ्यातल्या एका शाळेत. जिल्ह्यातले चाळीसेक मास्तर बाकं सरकवून वर्गांतच झोपत होते. आणि इकडे बिडकीनला गुरुजींच्या थोरल्या मुलीची, आवडाची सुपारी फुटायची होती. पैठणकडचे नानासाहेब म्हणून मोठे बागाईतदार. त्यांचा मुलगा सांगून आला होता. स्थळ असं होतं की गुरुजींच्या बायकोनं, साळूबाईनं, देवाला नारळ आधीच बोलून ठेवला होता. पण नानासाहेब मानपानाचे फार कडक. मागं एका ठिकाणी मुलीचा बाप वेशीपर्यंत सामोरा आला नाही, एवढ्यावरून ते बैलगाडी फिरवून परत गेले होते. त्यामुळे थोरल्या भावानं, काकासाहेबांनी, निरोपावर निरोप धाडले होते: बद्री, तू नसलास तर ही सोयरीक मोडली म्हणून समज.

गुरुजी रजा मागायला गेले तर शिबिरप्रमुख दत्तोपंतांनी चष्म्यावरून पाहिलं. दत्तोपंत जुने हेडमास्तर, निजामाच्या काळापासून नोकरीत असलेले. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्हाला रजा दिली तर उद्या चाळीस घरी सुपाऱ्या फुटतील."

गुरुजींचा सगळा राग मग उतरला उमाबाईंवर. उमाबाई शिबिरात विज्ञान शिकवायला पुण्याहून आलेल्या. वय पंचविशीचं, आवाज हळू, आणि पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, पुस्तकं मिटून ठेवा. इथंच त्या मास्तरांच्या मनातून उतरल्या. मग त्यांनी मिशा पिकलेल्या माणसांना मटकी भिजवून तिचे मोड बघायला लावले, मेणबत्तीवर पेला पालथा घालायला लावला. गुरुजी मागच्या रांगेतून म्हणायचे, "मोडाची उसळ कधी व्हायची, बाई?" आणि वर्ग हसायचा. बाई रागवायच्या नाहीत. त्याही थोडं हसायच्या, आणि पुन्हा मटकीकडे वळायच्या.

एके दिवशी त्यांनी विचारलं, "सूर्य बरोबर डोक्यावर कधी येतो?"

चाळीस जणांनी पहिलीच्या पोरांसारखं एका सुरात उत्तर दिलं, "दुपारी बारा वाजता."

"रोज?"

"रोज."

"नाही," बाई म्हणाल्या. "आपल्या गावी वर्षातून दोनच दिवस येतो. एरवी तो थोडा दक्षिणेला नाही तर थोडा उत्तरेला असतो. त्या दोन दिवसांतला एक परवा आहे. परवा माध्यान्हीला सरळ उभ्या काठीची सावलीच पडणार नाही."

वर्गात जी खसखस पिकली ती थांबेना. गुरुजी उठून उभे राहिले. "बाई, मी नांगरामागं चाललेला माणूस हाये. लई दुपारी काढल्यात उन्हात. सावली आखूड व्हती, मान्य. पण सावली जाती ती माणूस गेल्यावरच. तुम्ही सोता पाह्यलंय का कदी?"

उमाबाईंनी खोटं बोलायला हवं होतं, पण त्या बोलल्या नाहीत. "नाही. मी गणित केलंय."

मग तर काय, हसणं ऐकून शिपाई नि आचारी बघायला आले. दत्तोपंतही आले. त्यांनाही या शिबिराचा कंटाळाच आला होता, पण वरून हुकूम असल्यानं बोलता येत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणता तसं झालं तर हे सगळे शेवटच्या दिवसापर्यंत तोंड मिटून तुमचं ऐकतील. आणि नाही झालं, तर शिबिराचा काही उपयोग नाही असं मी वर कळवतो आणि परवाच सगळ्यांना सोडतो. चालेल?"

बाईंचा चेहरा उतरला. हे शिबिर त्यांचं पहिलंच होतं, आणि असं बंद पडलं तर शेवटचंही ठरलं असतं. तरी त्या म्हणाल्या, "चालेल."

गुरुजींना तर आभाळ ठेंगणं झालं. परवा सुटका म्हणजे तेरवा सुपारीला हजर. काठी रोवायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं, उगाच नंतर काठी वाकडी होती असं निमित्त नको. मैदानाच्या मधोमध खड्डा घेतला, कमरेएवढी सरळ काठी उभी केली, ओळंबा लावून चारी बाजूंनी पाहिली आणि बुडाशी दगड ठोकून अशी पक्की केली की बैलाला ओढता येऊ नये.

तो दिवस उजाडला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. बाराला पाच कमी असताना सगळे काठीभोवती गोल उभे राहिले. दत्तोपंतांनी खिशातलं घड्याळ काढून हातात धरलं. बारा वाजले, शिपायानं टोल दिले, आणि सगळ्यांनी खाली पाहिलं. सावली होती. चांगली पाच-सहा बोटं, काळी कुळकुळीत, पश्चिमेकडे आडवी पडलेली.

कुणीतरी शीळ घातली. जालन्याकडचे रामकिसन मास्तर म्हणाले, "चला, सामान बांधा." दत्तोपंतांनी घड्याळ खिशात टाकलं. बाईंना ते वाईट असं काही बोलले नाहीत, फक्त "असो" म्हणाले. उमाबाई क्षणभर त्या सावलीकडे बघत राहिल्या आणि आपलं गणित पुन्हा तपासायला आत निघून गेल्या. जेवणाची वेळ झाली होती, मंडळी पाट-ताटाकडे पळाली. मास्तर लोकांना टोल झाला की भूक लागते.

मागं राहिले एकटे गुरुजी. काठी त्यांची होती, ती उपटून जागेवर ठेवणं आलं. आणि खरं सांगायचं तर त्यांना थोडा वेळ एकट्यानं खूश व्हायचं होतं. संध्याकाळची बिडकीनची एस.टी. मिळत होती. मनातल्या मनात ते वेशीवर नानासाहेबांना सामोरे जात होते, हात जोडत होते. खुरपं घेऊन ते खाली बसले आणि बुडाचे दगड उकरू लागले. पण दगड स्वतःच ठोकलेले, ते हलेनात. घाम डोळ्यांत उतरला. गुरुजींनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि पुन्हा खाली पाहिलं, तर सावली दोन बोटं झाली होती.

त्यांना वाटलं, काठी कलली. ओळंबा लावून पाहिला, काठी सरळ होती. पुन्हा खाली पाहिलं. सावली मागं सरत होती. ती सरताना दिसत नव्हती, पण नजर हलवून परत आणली की थोडी कमी झालेली असायची. एक बोट. अर्धं बोट. हातातलं खुरपं तसंच राहिलं. मग सावलीची नुसती एक कड काठीच्या बुडाला चिकटून राहिली, आणि मग तीही गेली.

गुरुजींनी काठीच्या चारी बाजूंनी फिरून पाहिलं. कुठंच काही नव्हतं. भर उन्हात, लख्ख मातीत, काठी एकटी उभी होती. ते उभे राहिले आणि त्यांनी स्वतःची सावली शोधली. ती पायांपाशी गोळा होऊन बसली होती, तळपायांपलीकडे जात नव्हती. शाळेच्या भिंतीला अलीकडेही सावली नव्हती आणि पलीकडेही नव्हती. रोज त्या भिंतीच्या कडेला बसणारी शेळी आता मधोमध उभी राहून काय करावं याचा विचार करत होती. गुरुजी मैदानाच्या कडेच्या आडापाशी गेले आणि वाकले. आडाचं पाणी खोल, काळं. त्यात त्यांनी आजवर आपलं डोकं सोडून काही पाहिलं नव्हतं. आज तळापासून सूर्य वर बघत होता. डोळे दिपले तरी त्यांना बाजूला होता येईना.

ते घाबरले, हे लिहायला हरकत नाही. देवळात गेल्यावरसुद्धा त्यांना असं कधी झालं नव्हतं. एवढा मोठा सूर्य, कुठल्या कुठं असलेला, तो सरळ रेषेत येऊन या मैदानावर, या काठीवर, बद्रीनाथ नावाच्या माणसाच्या टाळूवर उभा होता. येणार असं एका पोरसवदा बाईनं खोलीत बसून कागदावर आधी सांगितलं होतं. आणि तो दर वर्षी येत असणार. ते जन्मले त्याच्या आधीपासून, बाप नांगर धरायचा तेव्हाही, निजाम होता तेव्हाही आणि गेला तेव्हाही. चाळीस उन्हाळे हा आपल्या डोक्यावर येऊन गेला आणि आपण एकदा खाली बघितलं नाही, या विचारानं त्यांच्या अंगावर भर उन्हात काटा आला.

मग डोकं चालू लागलं. हे पाहिलं कुणी? कुणीच नाही. बाई आत, मंडळी जेवायला. तोंड मिटून काठी उपटली की संध्याकाळची गाडी, उद्या सुपारी, पोरीचं कल्याण. कुणाला काही कळणार नाही, आणि विचारणारही कुणी नाही. गुरुजी परत काठीपाशी येऊन बसले, खुरपं दगडाखाली घातलं. दगड हलला. काठीला आता पूर्वेकडून केसाएवढी कड फुटली होती.

खुरपं तिथंच टाकून ते उठले आणि ओसरीवरच्या टोलाकडे धावत गेले. हातोडा घेऊन त्यांनी जे टोल द्यायला सुरुवात केली ते आग लागल्यासारखे. खरकट्या हातांनी मंडळी बाहेर आली. गुरुजी काठीकडे हात करून म्हणाले, "गेली व्हती. सावली गेली व्हती. म्या पाह्यली. म्हंजी नाय पाह्यली. नव्हतीच ती."

सगळे काठीपाशी आले. तोवर पूर्वेकडे बोटभर सावली पडलेली. रामकिसन मास्तर म्हणाले, "गुरुजी, ऊन लागलंय तुम्हाला. सावलीत बसा."

"सावली व्हती पश्चिमेला. आता हाये पूर्वेला. मधी कुठंतरी गेली असंल का नाय?"

उमाबाई धावत आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "किती वाजता?" गुरुजींकडे घड्याळ कुठलं? दत्तोपंतांनी आपलं काढलं. साडेबाराला दोन मिनिटं कमी. "म्हंजी पंचवीसच्या सुमाराला," गुरुजी म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांना काहीतरी आठवलं. "दत्तोपंत, तुम्ही बी उर्दू शाळेत व्हता. आमचे मौलवीसाहेब दुपारच्या, जोहरच्या नमाजाआधी अंगणात काठी बघायचे. म्हणायचे, बारा घड्याळात वाजतात, जवाल सूर्याचा असतो. सूर्य माथ्यावरून ढळला का मगच नमाज. ते बारानंतर लई वेळ थांबायचे, नाय का?"

दत्तोपंतांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग काठीकडे. "थांबायचे," ते म्हणाले.

उमाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. घड्याळ सगळ्या देशाला मिळून एक, आणि सूर्य ज्या त्या गावाचा वेगळा, हे त्या पुण्याला पोरींना शिकवत असत. सगळं गणित बरोबर केलं आणि माध्यान्ह मात्र शाळेच्या टोलावरून धरली. "मी टोल ऐकला आणि खाली पाहिलं," त्या म्हणाल्या. "मीही मास्तरीणच."

"उद्या पुन्हा व्हईल?" गुरुजींनी विचारलं.

"उद्याही होईल. एका दिवसात फारसा फरक पडत नाही."

"मंग उद्या समद्यांनी बघा. मी थांबतो." हे शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो.

दत्तोपंतांनी सगळ्यांना उद्यापर्यंत थांबवून घेतलं. गुरुजींनी एस.टी.च्या कंडक्टरपाशी घरी निरोप दिला. मग दिवसभर जेवण गेलं नाही. आवडाचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना, आणि ती काठीही हलेना.

दुसऱ्या दिवशी बाराच्या आसपास फाटकात काकासाहेब उभे. सोबत आवडा. तिला औरंगपुऱ्यात सुपारीसाठी पातळ घेऊन देऊन ते भावाला न्यायला आले होते. त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जात होता. "बद्री, येड लागलंय का तुला? पाव्हणे दिवस मावळायला येणार. साडेबाराची गाडी चुकली तर मंग संध्याकाळपस्तोर गाडी नाय. चल."

"दादा, पंचवीस मिनिटं."

"कशाची?"

"उभा ऱ्हा. खाली बघ."

काकासाहेबांनी तोंड उघडलं, पण भोवती चाळीस माणसं माना खाली घालून उभी होती, प्रेताला उभे राहतात तशी गप्प. तेही उभे राहिले. टोल झाले तरी आज कुणी जागचं हललं नाही. सावली पाच बोटं होती, मग चार, मग दोन. सावली काठीत शिरली. रामकिसन मास्तरांनी हात जोडले, कुणाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दत्तोपंतांच्या हातातलं घड्याळ उघडंच राहिलं, त्याकडे बघायचं त्यांना सुचलं नाही. उमाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. त्यांनीही हे आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं.

आवडा बापाशेजारी उभी होती. ती वाकली, काठीच्या बुडाशी माती चाचपून पाहिली. मग हळूच म्हणाली, "आबा, चौथीत तुम्हीच शिकवलं व्हतं आम्हाला, सूर्य डोक्यावर येतो म्हणून. तवा तुम्ही हे पाह्यलं नव्हतं?"

"नाय."

"मंग शिकवलं कसं?"

"पुस्तकात व्हतं," गुरुजी म्हणाले. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. टोमणा असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

साडेबाराची गाडी गेली. काकासाहेब आडात डोकावून बसले होते, त्यांनाही गाडी आठवली नाही. मग दत्तोपंतांनी न मागता गुरुजींना दोन दिवसांची रजा दिली.

तिघं एका चुन्याच्या ट्रकमध्ये बसून दिवस मावळल्यावर बिडकीनला पोचले. नानासाहेब ओसरीवर जोडा पायात घालत होते. सुपारीचं ताट तसंच झाकलेलं, साळूबाई दाराआड पदर तोंडाशी धरून उभी. चुन्यानं पांढरे झालेले गुरुजी समोर येऊन उभे राहिले. नानासाहेबांनी त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं.

"मास्तर, आम्ही येणार म्हणून ठाऊक व्हतं ना?"

"व्हय."

"मंग कुठं व्हता?"

गुरुजींनी वाटेत तीन-चार निमित्तं जुळवून ठेवली होती. गाडी बिघडली, साहेबानं सोडलं नाही. पण दुपारचं ऊन अजून डोळ्यांत होतं. "सूर्य बघत व्हतो," ते म्हणाले.

नानासाहेबांनी विचारलं, "आमच्यापरीस सूर्य मोठा काय?"

काकासाहेबांनी डोळे मिटून घेतले. गुरुजींनी खरंच विचार केल्यासारखं केलं. "व्हय, नानासाहेब," ते म्हणाले, "लई मोठा हाये. मला बी कालच कळलं." आणि मग त्यांनी काठीपासून आडापर्यंत सगळं सांगितलं. आवडा दाराआडून मधेच म्हणाली, "आबा, शेळीचं राह्यलं." सुपारीच्या दिवशी मुलीनं पाहुण्यांसमोर तोंड उघडायची रीत नव्हती. साळूबाईनं तिला चिमटा काढला.

नानासाहेब एका पायात जोडा घालून ऐकत होते. जन्म सगळा उन्हात गेलेला माणूस. गुरुजींचं बोलून झालं तेव्हा ते म्हणाले, "उद्या दिसंल?"

"दिसंल. बारीक फरक पडंल, पण दिसंल."

त्यांनी जोडा काढून ठेवला. "परतीची गाडी बी गेलीच हाये," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे, घरचे आणि निम्मं गाव अंगणात उभं होतं. काठी रोवून होईपर्यंत थांबायला नानासाहेबांना धीर नव्हता. त्यांनी सुपारीचं ताट मागवलं आणि ते उन्हात मातीवर ठेवून त्यापुढं उकिडवे बसले. ताटात हळदीकुंकू लावलेली एकच सुपारी होती, आणि तिला चिमुकली सावली होती. ती बघत बसलेला हा कडक म्हातारा मिनिटागणिक पुढं वाकत गेला. सावली सुपारीखाली गेली. तांब्याच्या ताटात सुपारी नुसती लखलखत राहिली. नानासाहेबांनी बोट तिच्याभोवती एकदा फिरवून पाहिलं, मान वर करून सूर्याकडे बघायचा प्रयत्न केला आणि डोळे चोळले.

मग हात जोडून ते म्हणाले, "मास्तर, सावली पुन्यांदा पडायच्या आत फोडा."

गुरुजींनी खाली बसून सुपारी फोडली.